हवेचं ऐकणारा पंखा

नेदरलँड्समध्ये गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बांधलेल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन टप्प्यांचं एक बटण असतं: १, २, ३. ते फिरवलं की माळ्यावर बसवलेल्या पेटीतल्या पंख्याचा वेग बदलतो. ही पेटी न्हाणीघर, संडास आणि स्वयंपाकघर यांतली कोंदट हवा नळ्यांमधून ओढून छपरावाटे बाहेर टाकते. घरात कुणी नसताना १, माणसं असताना २ आणि स्वयंपाक किंवा अंघोळ चालू असताना ३, अशी तिची साधी रीत. पण दिवसातून इतक्या वेळा बटण फिरवायचं कुणाच्या लक्षात राहतं? तिसऱ्या टप्प्यावर पंखा घरघरतो, म्हणून रात्री तो हमखास पहिल्या टप्प्यावर आणला जातो. आणि घराला ताज्या हवेची सर्वांत जास्त गरज असते ती नेमकी रात्रीच, कारण तेव्हा माणसं बंद दाराआड सात-आठ तास झोपलेली असतात.

हे बटण माणसाच्या आठवणीवर न सोडता हवेच्या मोजमापावर सोपवता येतं, आणि ते कसं सोपवायचं हाच या प्रकरणाचा विषय. ‘स्मार्ट’ वायुवीजन म्हणजे मोबाइलवरून पंखा चालू-बंद करणं, असा सर्वसाधारण समज आहे. पण मोबाइलवरचं बटणही शेवटी कुणीतरी आठवणीने दाबायचंच असतं, त्यामुळे मूळ अडचण तशीच राहते. कामाची यंत्रणा तीन गोष्टी करते. ती हवेतलं नेमकं काय वाढलं आहे ते मोजते, त्यानुसार पंख्याचा वेग ठरवते, आणि तिचा मेंदू बंद पडला तरी घरात हवा खेळती राहील याची तजवीज ठेवते. या तिसऱ्या गोष्टीचा विसर सर्वांत लवकर पडतो आणि तोच सर्वांत महागात पडतो.

घरं घट्ट का झाली

जुन्या युरोपीय घरांना वेगळ्या वायुवीजनाची फारशी गरज नव्हती. खिडक्यांच्या फटी, दाराखालची जागा आणि धुराडं यांतून हवा आपोआप बदलत असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन महाग झालं आणि फटीतून जाणारी ऊब म्हणजे वाया जाणारा पैसा, हे सगळ्यांना कळलं. मग फटी बुजवल्या गेल्या, दुहेरी काचा आल्या, भिंतींत उष्णतारोधक थर भरले गेले. घरं ऊबदार झाली, पण माणसांच्या श्वासातला आणि अंघोळीतला ओलावा बाहेर जाण्याची वाटही बंद झाली. कोपऱ्यांत बुरशी दिसू लागली. फटींनी नकळत केलेलं काम आता पंख्याला जाणीवपूर्वक करावं लागणार होतं.

डच बांधकामात वायुवीजनाचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार मानतात. आजच्या घरांत त्यांतले दोनच प्रामुख्याने आढळतात. ‘सी’ प्रकारात ताजी हवा खिडकीवरच्या जाळीतून आपली आपण आत येते आणि वापरलेली हवा पंखा बाहेर काढतो. ‘डी’ प्रकारात पंखे दोन: एक हवा आत आणतो, दुसरा बाहेर टाकतो. दोन्ही प्रवाह पातळ पापुद्र्यांच्या एका विनिमयकातून जातात. तिथे हवा एकमेकींत मिसळत नाही, पण जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला मिळते. चांगल्या विनिमयकात ८० ते ९० टक्के ऊब परत मिळते. १९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात बांधलेल्या पहिल्या ‘पासिव्हहाउस’ने घट्ट घर आणि अशी यंत्रणा यांची जोडी किती परिणामकारक ठरते ते दाखवून दिलं.

यंत्रणा चांगली असली म्हणजे हवा चांगली मिळतेच असं मात्र नाही. ॲमर्सफोर्ट शहराच्या व्हाथोर्स्ट या नव्या वसाहतीतल्या रहिवाशांनी २००० नंतरच्या दशकात घरातल्या हवेबद्दल आणि प्रकृतीबद्दल तक्रारी केल्या, तेव्हा हा प्रश्न देशभर गाजला. हवेचा अपुरा प्रवाह, पंख्याचा आवाज आणि त्या आवाजामुळे खालच्या टप्प्यावर ठेवलेली यंत्रणा, या गोष्टी त्यानंतर डच चर्चेत वारंवार येत राहिल्या. यंत्र होतं, नळ्या होत्या, पण योग्य वेळी योग्य वेग मिळत नव्हता.

एका खोलीचं गणित

वेग किती हवा, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. १२ चौरस मीटरची झोपण्याची खोली घेऊ. छताची उंची अडीच मीटर धरली तर खोलीत ३० घनमीटर हवा आहे. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे दोघांचे २४ लिटर. खोली पूर्ण बंद असेल तर हे प्रमाण दर तासाला ८०० पीपीएमने, म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांमागे ८०० भागांनी वाढेल. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असतं. दोन तासांत खोलीतला आकडा २,००० च्या वर जाईल.

आता पंखा चालू करू. डच बांधकाम नियमांनुसार राहत्या क्षेत्राला दर चौरस मीटरमागे सेकंदाला ०.९ लिटर हवा मिळायला हवी. १२ चौरस मीटरला हे प्रमाण तासाला ३९ घनमीटर होतं. या प्रवाहात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा सुमारे ६०० पीपीएमने वर जाऊन स्थिरावतो, म्हणजे एकूण १,००० च्या थोडा पुढे. हाच १,००० चा आकडा म्युनिचचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये चांगल्या हवेची मर्यादा म्हणून सुचवला होता. हा वायू स्वतः या प्रमाणात विषारी नसतो, हे त्यांना माहीत होतं. माणसांच्या वावरामुळे हवा किती ‘वापरली’ गेली आहे याची ती खूण आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दीड शतकानंतरही सेन्सर याच अर्थाने वापरले जातात.

समजा, आवाज नको म्हणून पंखा पहिल्या टप्प्यावर ठेवला आणि त्यामुळे प्रवाह एक तृतीयांशावर आला. दार बंद आहे असं धरलं तर पहाटेपर्यंत त्याच खोलीतला आकडा २,००० ओलांडतो. त्याच वेळी खालच्या रिकाम्या दिवाणखान्यातून, जिथे रात्रभर कुणीही नाही, पंखा तितकीच हवा ओढत असतो. गरज एका जागी, हवा दुसऱ्या जागी. मोजमापावर चालणाऱ्या नियंत्रणाची गरज इथे उघड होते.

पैशाचं गणितही पाहायला हवं. घरातून तासाला १५० घनमीटर हवा बाहेर जात असेल, आत २० आणि बाहेर ५ अंश सेल्सिअस असेल, तर त्या हवेसोबत सुमारे ७५० वॅट ऊब जाते. दिवसाला हे १८ युनिट झाले. ‘सी’ प्रकारच्या घरात गरजेपुरतंच वायुवीजन केल्याने ही नासाडी बरीच कमी होते. ‘डी’ प्रकारात ८५ टक्के ऊब परत मिळत असेल तर तोटा आधीच ११० वॅटच्या आसपास असतो. तिथे स्मार्ट नियंत्रणाचा लाभ इंधनापेक्षा शांत झोप, चांगली हवा आणि कमी आवाज या रूपात मिळतो. आपलं घर कोणत्या प्रकारचं आहे हे ओळखल्याशिवाय ‘इतकी बचत होईल’ या जाहिरातीवर विसंबू नये.

काय मोजायचं आणि कशाने

घरातल्या हवेबद्दल तीन गोष्टी उपयोगी पडतात: माणसांच्या वावरासाठी कार्बन डायऑक्साइड, अंघोळ-कपडे-स्वयंपाकासाठी आर्द्रता, आणि धुरासाठी सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५. यांतली एक गोष्ट दुसरीची जागा घेऊ शकत नाही. ॲमस्टेलव्हीन किंवा आइंडहोवनमधल्या मराठी घरात मिरचीची फोडणी पडली की सूक्ष्म कणांचा आकडा काही मिनिटांत उसळतो, पण कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट चार पाहुणे तासभर गप्पा मारत बसले तर कणांचा सेन्सर स्वस्थ असतो आणि कार्बन डायऑक्साइड भरभर चढतो.

सेन्सर विकत घेताना एक फरक जाणून घ्यावा. खरा कार्बन डायऑक्साइड सेन्सर अवरक्त प्रकाश वापरतो. या वायूचे रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. किती प्रकाश शोषला गेला यावरून वायूचं प्रमाण कळतं. बाजारातली काही स्वस्त उपकरणं मात्र धातूच्या ऑक्साइडच्या तापलेल्या पृष्ठभागावर अत्तर, अल्कोहोल, स्वयंपाकाची वाफ असे वायू ओळखतात आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा ‘अंदाज’ दाखवतात. अशा आकड्यावर रात्रीचं वायुवीजन सोपवणं धोक्याचं आहे, कारण झोपलेल्या माणसाच्या खोलीत अत्तर नसतं, फक्त श्वास असतो.

खऱ्या सेन्सरचीही एक मर्यादा आहे. बरेच सेन्सर स्वतःला आपोआप जुळवून घेतात. गेल्या काही दिवसांत दिसलेला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची शुद्ध हवा, असं ते गृहीत धरतात. ज्या खोलीत आठवडाभर खिडकी उघडली जात नाही, तिथे सर्वांत कमी आकडा प्रत्यक्षात ६०० असू शकतो. सेन्सर त्यालाच ४०० मानतो आणि पुढचे सगळे आकडे दोनशेने कमी दाखवतो. उपाय सोपा आहे: अधूनमधून घर मोकळं करून खिडक्या उघडाव्यात, किंवा ही सोय बंद करून सेन्सर बाहेरच्या हवेत नेऊन हाताने जुळवावा.

जागेचाही विचार हवा. उशाजवळ ठेवलेला सेन्सर खोलीची हवा मोजत नाही, झोपलेल्याचा उच्छ्वास मोजतो. ताजी हवा येते त्या जाळीसमोर ठेवला तर तो सदैव समाधानी राहतो. उन्हात किंवा हीटरवर ठेवला तर तापमान आणि त्यामुळे सापेक्ष आर्द्रता चुकते. आतल्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, दार-खिडकीपासून दूर, ही सर्वांत भरवशाची जागा.

पेटीशी बोलायचं कसं

माळ्यावरच्या पेटीला नवा वेग कळवण्याचे मार्ग तिच्या वयावर अवलंबून असतात. जुन्या पेटीत पंख्याच्या मोटरला वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळ्या तारा असतात. भिंतीवरचं बटण एका वेळी त्यांतल्या एकाच तारेला वीज देतं. नेदरलँड्समध्ये यासाठी पेरिलेक्स नावाचा पाच पिनांचा प्लग वापरतात. अशा पेटीला रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, साहाय्याने स्मार्ट करता येतं, पण इथे एक कडक नियम आहे: दोन वेगांच्या तारांना एकाच वेळी वीज मिळता कामा नये, नाहीतर मोटर तापते आणि जळू शकते. हे केवळ प्रोग्राममधल्या एका ओळीवर सोडू नये. रिलेंची जोडणीच अशी असावी की एक चालू झाला की दुसऱ्याचा मार्ग तुटेल. हे काम २३० व्होल्टचं आहे आणि ते परवानाधारक वीजतंत्रज्ञानेच करायला हवं.

मधल्या पिढीच्या पेट्या रेडिओवरून चालतात. युरोपात त्यासाठी ८६८ मेगाहर्ट्झची पट्टी प्रचलित आहे. हौशी तंत्रज्ञांनी काही लोकप्रिय डच पेट्यांच्या रिमोटचे संदेश समजून घेतले आणि तेच संदेश पाठवणारी छोटी यंत्रं बनवली. पेटीच्या दृष्टीने तो केवळ आणखी एक रिमोट असतो. हा मार्ग सुरक्षित आहे, कारण विजेच्या जोडणीला हात लागत नाही आणि जुना रिमोटही चालू राहतो.

नव्या पेट्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक मोटर असते. तिला ० ते १० व्होल्टचा सूक्ष्म विद्युतदाब देऊन वेग ठरवता येतो, किंवा मॉडबससारख्या भाषेत थेट आकडा कळवता येतो. मॉडबस १९७९ मध्ये कारखान्यांतल्या नियंत्रकांसाठी तयार झाली. घरगुती उपकरणांमध्ये संदेशांसाठी वापरली जाणारी एमक्यूटीटी ही पद्धत १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी जन्माला आली. कमकुवत जोडणीवरही छोटे संदेश खात्रीने पोचावेत हा तिचा हेतू घरातही तितकाच उपयोगी ठरला.

निर्णय घेणारा मेंदू कुठे असावा, हा पुढचा प्रश्न. तो घरातच असावा. २०१३ मध्ये पाउलस स्खाउटसेन या डच प्रोग्रामरने सुरू केलेली ‘होम असिस्टंट’ ही मुक्त प्रणाली घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालते. २०२४ पासून ती ‘ओपन होम फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी३२ सारख्या स्वस्त वायफाय चिपवर सेन्सर जोडून त्याचे आकडे या प्रणालीकडे पाठवता येतात. इंटरनेट गेलं तरी हा सगळा व्यवहार घराच्या भिंतींच्या आत चालू राहतो. कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर चालणारं उपकरण मात्र त्या कंपनीने सेवा बंद केली की मुकं होतं. पंख्याचं आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं असू शकतं. ॲपचं असेलच असं नाही.

नियम लिहिताना

पहिला नियम: पंखा कधीही शून्यावर जाऊ नये. घर रिकामं असलं तरी फर्निचर, रंग, ओल्या भिंती, नळ्यांमधली ओल यांना मंद पण सतत हवा लागते. स्मार्ट नियंत्रणाने या किमान प्रवाहाच्या वर किती जायचं, एवढंच ठरवावं.

दुसरा नियम: वाढवण्याचा आणि कमी करण्याचा आकडा वेगळा हवा. १,००० पीपीएमला पंखा वाढला आणि ९९९ ला कमी झाला तर तो रात्रभर वर-खाली होत राहील आणि झोप मोडेल. १,००० ला वाढव आणि ८०० च्या खाली गेल्यावरच कमी कर, असं अंतर ठेवलं की पंखा शांत होतो. वेग अखंड बदलता येत असेल तर त्याहून चांगलं: ७०० ते १,१०० दरम्यान तो हळूहळू चढवावा. पंख्याच्या विजेचा खर्च वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा केला की सिद्धांतानुसार वीज आठव्या हिश्शावर येते, आवाजही बराच उतरतो. त्यामुळे आधीच थोडा वेग वाढवून बराच वेळ चालवणं हे उशिरा जागं होऊन पूर्ण वेगाने धावण्यापेक्षा स्वस्त आणि शांत पडतं.

तिसरा नियम अंघोळीचा. बहुतेक जण ‘आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की पंखा जोरात’ असं लिहितात. हिवाळ्यात ते चालतं. बाहेर ३ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता २९ टक्क्यांवर येते, मग न्हाणीघर लवकर सुकतं. पण ऑगस्टमध्ये बाहेर १८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा २२ अंशांच्या घरात ६६ टक्के दाखवते. कुणीही अंघोळ केली नाही तरी पंखा दिवसभर पूर्ण वेगाने फिरेल आणि ६५ चा आकडा कधीच गाठणार नाही. म्हणून ठरावीक टक्केवारीऐवजी बदलाकडे पाहावं: न्हाणीघरातली आर्द्रता पाच मिनिटांत एकदम चढली, तर कुणीतरी शॉवर सुरू केला आहे. आणि पंखा थांबवावा तो न्हाणीघरातला ओलावा उरलेल्या घराच्या जवळ आल्यावर.

चौथा नियम माणसांचा. घरातल्या कुणालाही, आजीलाही, पाहुण्यालाही, भिंतीवरचं बटण दाबून पंखा वाढवता आला पाहिजे आणि यंत्रणेने तो निर्णय निदान अर्धा तास मानला पाहिजे. जी यंत्रणा माणसाचा हात झटकते, ती काही दिवसांत प्लग काढून बंद केली जाते.

सुरक्षिततेच्या अटी

सेन्सरची बॅटरी संपली, वायफाय तुटलं, संगणक अडकला, तर काय? सेन्सरकडून पंधरा-वीस मिनिटं नवा आकडा आला नाही की पेटीने आपणहून मधल्या टप्प्यावर यायला हवं. हे परतणं मुख्य संगणकावर अवलंबून असता कामा नये, कारण अडकलेला तोच असू शकतो. पेटीजवळच्या छोट्या नियंत्रकातच ते लिहिलेलं असावं. तपासणीही सोपी आहे: राउटर बंद करून पाहावा. पंखा चालू राहून योग्य टप्प्यावर आला, तर यंत्रणा राहण्याजोगी आहे.

‘डी’ प्रकारात दोन पंख्यांचा तोल राखावा लागतो. फक्त हवा बाहेर काढणारा पंखा वाढवला तर घरात दाब कमी होतो आणि थंड हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. फक्त आत आणणारा वाढवला तर ओलसर हवा भिंतींच्या सांध्यांत ढकलली जाते आणि तिथे पाणी धरतं. म्हणून पेटीला एकच आज्ञा द्यावी आणि दोन पंख्यांचं प्रमाण तिचं तिला ठरवू द्यावं.

सर्वांत गंभीर धोका ज्वलनाचा आहे. ज्या घरात उघड्या धुराड्याचा गॅस-बंब, शेगडी किंवा लाकडाची चूल आहे, तिथे जोरदार एक्झॉस्ट पंख्यामुळे दाब कमी होऊन धूर वर जाण्याऐवजी उलटा खोलीत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असेल तर तो वासरहित वायू जीव घेऊ शकतो. अशा घरात पंखा आपोआप वाढवण्याचा नियम लिहिण्याआधी ताजी हवा आत येण्याची कायमची वाट आणि कार्बन मोनॉक्साइडचा स्वतंत्र अलार्म हवाच. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर हा वायू ओळखत नाही.

फिल्टरचा उल्लेखही इथेच करायला हवा. चोंदलेल्या फिल्टरमागे पंखा पूर्ण वेगाने फिरला तरी खोलीत हवा पोचत नाही. पडद्यावर ‘१०० टक्के’ दिसतं आणि झोपण्याच्या खोलीतला आकडा चढत राहतो. स्मार्ट यंत्रणेचा हा एक न गाजलेला पण खरा उपयोग: वेग वाढवूनही कार्बन डायऑक्साइड उतरत नसेल, तर फिल्टर किंवा नळी तपासण्याची सूचना तिने द्यावी.

कोकणातला पावसाळा

हेच नियम उचलून महाराष्ट्रात वापरता येतील का? काही जसेच्या तसे, काही मुळीच नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक घरांत माळ्यावरची पेटी नसते. असतो तो न्हाणीघरातला आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा, आणि आता झोपण्याच्या खोलीत स्प्लिट एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो तीच हवा थंड करून फिरवत राहतो. दारं-खिडक्या घट्ट बंद करून एसी लावलेली पुण्यातली किंवा ठाण्यातली खोली वरच्या गणितातल्या डच खोलीसारखीच वागते. सकाळी डोकं जड वाटणाऱ्या घरात कार्बन डायऑक्साइडचा खरा सेन्सर आठवडाभर ठेवून पाहण्यासारखा आहे.

फरक येतो तो ओलाव्यात. जुलैत मुंबई किंवा रत्नागिरीत बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. २४ अंशांवर एसी चालू असलेल्या खोलीत ५५ टक्के आर्द्रता असेल तर तिथे फक्त १२ ग्रॅम. तासाला ४० घनमीटर बाहेरची हवा आत घेतली तर तिच्यासोबत जवळजवळ अर्धा लिटर जादा पाणी येतं. रात्रभरात साडेतीन लिटर. हे सगळं एसीला हवेतून काढावं लागतं. ‘खोलीत दमटपणा वाढला की बाहेरची हवा आत घे’ हा युरोपीय नियम इथे भिंती कोरड्या करण्याऐवजी ओल्या करतो. पावसाळ्यात बाहेरची हवा आत घ्यावी ती कार्बन डायऑक्साइड सांगेल तेवढीच, आणि शक्य असेल तर ओलावाही जाणाऱ्या हवेकडे वळवणाऱ्या पडद्याच्या विनिमयकातून.

न्हाणीघराचं उदाहरण मात्र दोन्हीकडे एकाच नियमाने सुटतं. टक्के विसरून ग्रॅम मोजावेत. तापमान आणि सापेक्ष आर्द्रता यांवरून दर घनमीटरमागचं पाणी काढणारं सूत्र कुठल्याही घरगुती प्रणालीत एका ओळीत बसतं. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर ३० अंशांच्या वाफाळलेल्या न्हाणीघरात ३० ग्रॅम पाणी असतं. बाहेर २३ असताना पंखा चालवण्यात अर्थ आहे. फरक दोन ग्रॅमवर आला की थांबावं, कारण त्यापुढे पंखा कितीही फिरला तरी बाहेरच्यापेक्षा कोरडी हवा आणणार कुठून? हाच नियम युट्रेक्टच्या जानेवारीत पंखा बराच वेळ चालवतो आणि रत्नागिरीच्या जुलैत लवकर बंद करतो. आकडे बदलत नाहीत, हवा बदलते.

आणि न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर एक्झॉस्ट पंख्याला कुठलंही स्वयंचलन जोडण्याआधी तो गीझर न्हाणीघराबाहेर हलवावा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. या बाबतीत तडजोड नको.

सुरुवात कुठून

उपकरणं विकत घेण्याआधी मोजायला लागावं. एक चांगला कार्बन डायऑक्साइड सेन्सर आणि एक आर्द्रतामापक दोन आठवडे झोपण्याच्या खोलीत ठेवावेत, आकडे लिहून घ्यावेत. बऱ्याच घरांत इतक्यातच उत्तर मिळतं: दाराखाली दोन सेंटिमीटर फट ठेवली, जाळी साफ केली, फिल्टर बदलला, पंख्याचा किमान वेग थोडा वाढवला, आणि प्रश्न सुटला. तरीही आकडे चढत असतील तर मग पेटीचा प्रकार ओळखून, वीजतंत्रज्ञाला सोबत घेऊन, वेगाचं नियंत्रण जोडावं. एक नियम लिहावा, आठवडाभर तो पाहावा, मगच दुसरा.

आपण दिवसातला मोठा भाग घरात घालवतो आणि झोपेत तर नाकाला हवेची तक्रारही करता येत नाही. ती तक्रार सेन्सर करू शकतो, पण त्याचं ऐकलं जाईल आणि तो गप्प झाला तरी घर गुदमरणार नाही, अशी जोडणी करणं हे आपलं काम आहे. ते नीट झालं, तर घरातल्या कुणालाही या यंत्रणेकडे लक्ष द्यावं लागत नाही, आणि चांगल्या वायुवीजनाकडून अपेक्षा तेवढीच असते.